ऐकायची परीक्षा

विमानं थांबली तशी दासोमच्या आईनं पायांतल्या सपाता काढल्या, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला आणि मुलीच्या बंद खोलीबाहेर ती जमिनीवर येऊन बसली.

वर्षातून एकदाच हे घर असं गप्प होतं. कोरियातल्या सोल शहराच्या या टोकाला विमानतळाची धावपट्टी जवळ. एरवी छपरावरून विमान गेलं की कपाटातल्या वाट्या एकमेकींशी भांडतात. पण आज देशभरच्या बारावीच्या मुलांची परीक्षा होती, आणि इंग्रजीच्या पेपरात एक भाग नुसता ऐकायचा असतो. पोरांना नीट ऐकू यावं म्हणून तेवढा वेळ विमानंसुद्धा उडत नाहीत. बसवाले हॉर्न वाजवत नाहीत, भाजीवाला कर्णा बंद ठेवतो. पोरांच्या परीक्षेपुढे इथे कुणाचं काही चालत नाही.

बाहेरचं दार ढकलून शेजारची माल्सुन आजी आत आली. तिचा नातू आज परीक्षेला बसला होता. चिकट तांदळाचे गोड गोळे खाल्ले की उत्तरं डोक्याला चिकटतात, म्हणून सकाळपासून ती ते गल्लीभर वाटत सुटली होती.

"दासोमची आई, दोन तरी खा!" आजी ओरडली. बाई ठार बहिरी, आपला आवाज किती चढलाय हे तिचं तिला कळत नसे. विमानं तर तिला कित्येक वर्षांत ऐकू आली नव्हती. गल्लीत 'दासोमची आई' अशी हाक मारणारीही ती एकटीच उरली होती. बाकीच्यांची जीभ अडखळे. दोन वर्षांपूर्वी याच दिवशी दासोम परीक्षेला निघाली आणि पोचलीच नाही. वळणावर ट्रक आला होता.

दासोमच्या आईनं ओठांवर बोट ठेवलं. आजी गुडघे धरत तिच्या शेजारी टेकली.

आत कागद उलटल्याचा आवाज झाला.

गेल्या वर्षीही झाला होता, तेव्हा तिनं वाऱ्यावर ढकललं. आज मात्र तिनं स्वतःच्या हातानं खिडकी लावून फटींत फडकी कोंबली होती. पुन्हा कागद उलटला. पेन टेकलं. खुर्ची करकरली, दासोम दोन्ही पाय वर घेऊन बसे तेव्हा करकरायची तशी.

"आत कोण गं कागद चाळतंय?" आजीनं विचारलं.

दासोमच्या आईनं वळून आजीकडे पाहिलं. वर्षभर तिची समजूत होती की आपलंच डोकं फिरलंय. आणि जिला भाताच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तिला आतला कागद ऐकू येत होता.

"पोरगीच ना? मग हाक मार की! मिठाची गुळणी धरून काय बसलीस?"

हाक ओठांवरच होती. त्या दिवसापासून एकच प्रश्न तिला जाळत होता. खूप दुखलं का गं तुला? एवढंच विचारायचं होतं, आणि विचारायला वर्षात हीच एक घटका होती. पण आत लेकीचा पेपर चालू होता. जिच्यासाठी विमानं थांबतात, तिला सख्ख्या आईनंच मध्ये हाक मारायची? तिनं स्वेटरची बाही तोंडात कोंबली.

दासोमच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दोघी मायलेकी कोबीला मीठ चोळत बसल्या होत्या. तेव्हा तिनं विचारलं होतं, "हिअर काय, लिसन काय, दोन्ही ऐकणंच ना? मग शब्द दोन कशाला?"

"आई, हिअर म्हणजे आपोआप कानावर पडतं ते. विमानाला कुणी बोलावलंय? आणि लिसन म्हणजे आपण कान देऊन ऐकतो ते. म्हणजे मी बोलते ते!"

"आणि कान देऊनही ऐकू आलं नाही तर?"

"होतं की तसंही," दासोम हसली होती. "पुस्तकात उदाहरणच आहे त्याचं."

आता ती कान देत होती. दाराला गाल लावून, सगळ्या अंगाचा कान करून. आतलं पेन थांबलं. खुर्ची मागे सरली. पावलं दारापाशी आली आणि तिच्या गालापासून बोटभर अंतरावर, फळीच्या पलीकडे, थांबली. कुणीतरी श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा.

आणि छपरावरून पहिलं विमान गेलं.

वाट्या खणखणल्या. दार तिच्या गालाखाली थरथरत राहिलं. विमान दूर गेलं तरी ती हलली नाही. मग तिनं दार उघडलं. खुर्ची टेबलाशी लावलेली होती, टेबलावर धूळ होती, कागदाचा कपटाही नव्हता.

ती आजीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "काही ऐकू आलं नाही हो आजी! विमान आलं मध्येच!"

"विमान? कुठलं विमान?" आजी तिच्याकडे बघतच राहिली. "एवढं स्पष्ट तर म्हणाली पोरगी, 'झालं आई, आता बोल.' किती वेळ ताटकळली बिचारी दारात. तू बोलली का नाहीस?"