पंधरावं शून्य

तपासणी-यंत्राच्या पडद्यावर एका रेघेऐवजी दोन रेघा वर चढल्या, तेव्हा बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. रेघा दोनच होत्या.

रेघ चढली म्हणजे त्या नळीत फ्लू. दोन्हींतली एक अपेक्षित होती. रोज सकाळी रुग्णांच्या नमुन्यांच्या नळ्यांमध्ये फ्लूची एक जुनी, खात्रीची नळी दडवायची आणि ती कुठे आहे ते बाईंना सांगायचं नाही, हे काम त्यांच्या जोडीदारणीचं. त्या नळीला दोघी चोर म्हणत. चोर सापडला म्हणजे यंत्र शाबूत आणि हातही शाबूत. चौदा आठवडे चोर रोज सापडत होता आणि त्याच्याशिवाय काही म्हणता काही सापडत नव्हतं. ऐन थंडीत, जेव्हा दरवर्षी नळ्यांमागून नळ्या फ्लूच्या निघतात, तेव्हा बाई दर शुक्रवारी अहवालात शून्य लिहीत होत्या.

नव्या साथीचे नमुने शेजारच्या खोलीत तपासले जात होते. तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. "तिकडे ढिगानं सापडतात आणि तुमच्याकडे एक नाही?" प्रमुख डॉक्टर सोमवारी म्हणाले होते. "फ्लू काय गावाला गेलाय? या शुक्रवारीही शून्य आलं तर तुमचं टेबल बंद. नमुने बाहेर पाठवू."

बावीस वर्षं बाई या टेबलावर होत्या. बोलणं चांगलंच झोंबलं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "लोक घरात आहेत, डॉक्टर. शाळा बंद, तोंडं झाकलेली. त्यानं जायचं कुणाकडे?"

आणि आज शुक्रवार होता.

"न्हालं एकदाचं घोडं," जोडीदारीण म्हणाली. "ताई, लिहून टाका एक. टेबल वाचलं."

खोटं कशाला बोला, बाईंनाही क्षणभर हायसं वाटलं. पण फ्लू निघाला की त्याच दिवशी रुग्णाला फोन करायचा, ही बाईंची जुनी शिस्त. त्यांनी दुसऱ्या नळीचा फॉर्म काढला. पुरुष, वय त्रेचाळीस, तीन दिवस खोकला. खाली मोबाइल नंबर होता. तो त्यांनी लावला.

भिंतीपलीकडे, डॉक्टरांच्या खोलीत, फोन वाजला.

बाईंनी कट केला. पलीकडचा आवाज थांबला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. मध्ये एकच भिंत, त्यामुळे डॉक्टरांना मोबाइलवर फोन करायची वेळ बाईंवर कधी आलीच नव्हती. तिसऱ्या खेपेला तो उचलला गेला.

"फ्लूच्या टेबलावरून बोलतेय," बाई म्हणाल्या. "खोकला कसा आहे आता?"

पलीकडून फोन बंद झाला. थोड्या वेळानं दार उघडलं आणि डॉक्टर आत आले. मास्कच्या दोरीखाली त्यांचे कान लाल झाले होते.

"नंबर टाकल्याशिवाय संगणक फॉर्म घेतच नाही, म्हणून माझाच टाकला," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "फ्रीझरमधली नळी होती, गेल्या वर्षीची. तुमचे हात बघायचे होते. सापडली नसती तर आजच टेबल बंद केलं असतं."

"आणि फोन न करता मी एक लिहिला असता तर?"

 चाचणीचा तो भाग डॉक्टरांना सुचलाच नव्हता.

बाईंनी अहवाल त्यांच्यापुढे सरकवला. फ्लूचे रुग्ण, शून्य. डॉक्टरांनी तो उभ्या उभ्याच वाचला आणि सही केली. "अख्ख्या नोकरीत असा हिवाळा पाहिला नाही, बाई," ते म्हणाले. "मला खरं वाटेना, ही माझी चूक. टेबल इथेच राहील."

आजवर अहवाल फक्त वरच्या कचेरीत जायचा. आज बाईंनी त्याची एक प्रत काढली आणि स्वतः जाऊन बाहेरच्या फळ्यावर लावली. त्यांना अभिमान वाटत होता आणि तो लपवावा असं मुळीच वाटत नव्हतं.

अंगणात नव्या साथीच्या तपासणीची रांग होती. जमिनीवर चुन्याचे गोल, एका गोलात एक माणूस. पहिल्या गोलातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मान पुढे करून कागद वाचला. त्यांच्या तोंडावर जुन्या सदऱ्याचं कापड होतं, धुऊन धुऊन विटलेलं.

"फ्लू एकही नाही?" ते म्हणाले. "मग इतके दिवस तुम्ही आत करता तरी काय?"

"आम्ही नुसतं मोजतो, आजोबा," बाई म्हणाल्या. "शून्य तुम्ही केलंय. घरात बसून."

आजोबांनी कागद पुन्हा एकदा वाचला, या खेपेला सावकाश. मग गोलातून पाय बाहेर न काढता ते मागे वळले आणि मागच्याला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "वाचलंत का ते? आपलं आहे."