बावीस नंबर

"तो कप राहू द्या बाई, मी पुसते," म्हणत धाकट्या बाईंनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

थोरल्या बाई हसल्या. आज त्यांचा शाळेतला शेवटचा दिवस. गावच्या या सरकारी शाळेत नळाला पाणी येईना, पण बाईंच्या नाटकांना मिळालेल्या बक्षिसांनी हॉलमधलं कपाट ओसंडून वाहत होतं. त्यातला हा कप सगळ्यांत गाजलेला. आता इथेच शिकवणाऱ्या धाकट्या बाई तेव्हा आठवीत, बाईंच्याच वर्गात. पोरीने पडद्यामागून एकटीने सात आवाज काढले होते. खोकणारे आजोबा काय, शेळी काय, रडकं बाळ काय! परीक्षकांची हसून पुरेवाट झाली होती.

त्याच दिवशी स्पर्धेहून परतताना त्याच वर्गातली चिमणी गेली.

"मी हजेरी घेतली होती गं," थोरल्या बाई म्हणाल्या. चौदा वर्षं हेच म्हणत आल्या होत्या.

"घेतली होती, बाई. मी होतेच की बसमध्ये."

बाईंची रीतच निराळी. त्या डोकी मोजत नसत. डोळे मिटून नंबर पुकारायच्या आणि नुसत्या आवाजावरून पोरगी ओळखायच्या. कधी चुकल्या नाहीत आणि त्याचा त्यांना तोराही होता. त्या संध्याकाळी बावीस नंबरला चिमणीचा तो घोगरा, लाडात ओढलेला आवाज आला, "हजर, बाऽऽई!" बाईंनी बस सोडायला सांगितली.

चिमणी बसमध्ये नव्हतीच. रिबन घ्यायला बाजारात पळालेली पोर परत येते तर बस गेलेली. घाबरून एकटीच रस्त्याने चालत निघाली आणि ट्रकखाली आली.

कप मिळाल्याच्या दंग्यात बाकीच्या मुलींनी काही ऐकलं नव्हतं. बाई थापा मारतात, हजेरी घेतलीच नाही, असं गाव म्हणालं. चिमणीच्या आईने तोंडावर दार लावलं. चौकशीत एकटी ती आठवीतली पोर उठून म्हणाली, "मी पण ऐकला तिचा आवाज." तिच्यामुळे बाईंची नोकरी वाचली.

आवाजाने मात्र पाठ सोडली नाही. भांडी घासताना, पेपर तपासताना अगदी कानाशी यायचा. बाई दचकून मागे बघायच्या.

"मला वेड लागलं होतं का गं तेव्हा? एवढं एक कळलं ना, की सुखाने घरी बसेन."

धाकट्या बाई कपाची तीच ती कड घासत राहिल्या. "नाही, बाई. तुम्हाला काही झालं नव्हतं."

बाहेर हॉर्न वाजला. स्पर्धेची गाडी आली होती. मुली हॉलमध्ये रांगेत उभ्या राहिल्या.

"शेवटची हजेरी तुम्हीच घ्या," धाकट्या बाई म्हणाल्या.

बाईंनी डोळे मिटले. एक, दोन, तीन... मुली खणखणीत ओ देत होत्या. बावीस नंबर तेव्हापासून कुणालाच देत नसत. एकवीसनंतर थेट तेवीस. आज मात्र बाईंची जीभ घसरली.

"बावीस."

रांगेत मुलींची चुळबुळ झाली.

"हजर, बाऽऽई!"

तोच. घोगरा, लाडात ओढलेला. बाईंनी डोळे उघडले.

सगळ्या मुली माना वळवून कपाटाकडे बघत होत्या. तिथे सात आवाजांचा तो कप छातीशी धरून धाकट्या बाई उभ्या होत्या, आणि त्यांचे ओठ अजून मिटले नव्हते.