पक्षी नसलेला डोंगर

मासुंदा तलावाच्या काठावर नाव विचारलं गेलं, तेव्हा प्रभाकरपंत कर्णिकांनी "देशमुख" असं सांगून टाकलं. विचारणारा गिल्बर्ट परेरा होता. ठाण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवणारा, उंच, किडकिडीत, जेमतेम पस्तिशीचा. दर नाताळच्या सुट्टीत तो पाचसहा हौशी मंडळींना पक्षी दाखवायला नेई. एक दिवस तळी, एक दिवस समुद्र आणि शेवटी डोंगर. पंतांना पक्ष्यांची आवड कधीच नव्हती. त्यांना आपला जावई बघायचा होता.

त्यांची एकुलती एक लेक सरोज सात वर्षांपूर्वी या माणसाशी रजिस्टर लग्न करून निघून गेली. त्या दिवशी पंतांनी डोंबिवलीच्या घरी, विहिरीवर तिच्या नावाने आंघोळ केली. घरात तिचं नाव काढायचं नाही, असं बायकोला, सुमतीबाईंना, बजावलं. पुढे दोन वर्षांपूर्वी सरोज विषमज्वराने गेल्याची बातमी आली. शेजाऱ्याने ती फाटकातूनच सांगितली. पंत ठाण्याला गेले नाहीत. सुमतीबाईही त्यांच्यासमोर रडल्या नाहीत, तेव्हा पंतांना वाटलं, हिनेही आपल्यासारखंच मन घट्ट केलं.

पण त्यांचं स्वतःचं मन काही घट्ट राहिलं नाही. पोरीने कुणापायी आपल्याला सोडलं ते एकदा बघावं, असं सारखं वाटू लागलं. माणूस टाकाऊ निघाला तर निदान आपलं चुकलं नाही, एवढं तरी समाधान मिळेल. कल्याणला चुलतभावाकडे जाऊन येतो, असं घरी सांगून ते निघाले.

पहिल्या दिवशी त्यांनी पाणकावळ्यांकडे पाहिलंच नाही, गिल्बर्टकडेच पाहत राहिले. त्याच्या कोपराला ठिगळ होतं आणि ते पुरुषी हाताने घातलेलं दिसत होतं. तो हळू बोलायचा. कुणाला पक्षी दिसला नाही तर तो दिसेपर्यंत शेजारी थांबायचा. पंत दोष शोधत होते आणि हाताला काही लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसने घोडबंदर, तिथून होडीने वसई. ओहोटीच्या ओल्या वाळूत तुतवार पक्षी लगबगीने धावत होते. मुक्काम गिल्बर्टच्या मावशीकडे, उर्सुलाबाईंकडे होता. जेवताना त्या सहज आपल्या सुनेच्या, सरोजच्या, आठवणी काढत बसल्या. ती पोर या घरात कशी रुळली, बोंबलाचं कालवण करायला कशी शिकली, आणि तापात शेवटी शेवटी "नाना, नाना" म्हणून कशी हाका मारायची, ते त्यांनी सांगितलं. हे नाना कोण, ते उर्सुलाबाईंना ठाऊक होतं, पण तो माणूस समोरच्या ताटावर बसलाय हे त्यांना माहीत नव्हतं. ज्या माणसांच्या घरचं पाणी पिणार नाही म्हणून पंतांनी शपथ घेतली होती, त्यांच्याच ताटातली तांदळाची भाकरी त्यांच्या घशात अडकली. त्यांनी पाणी मागितलं, आणि ते प्यायले.

तिसऱ्या दिवशी सगळे मुंब्र्याच्या डोंगरावर चढले. चढ उभा होता. एवढं धापा टाकत वर यावं, तर दिसल्या त्या चार घारी आणि सातभाईंचा एक थवा. दुपारी डबे उघडताना मंडळी कुरकुरायला लागली की येऊरच्या रानात नेलं असतं तर काहीतरी दिसलं असतं. गिल्बर्टने ऐकून घेतलं. मग तो कडेच्या खडकाशी एकट्या बसलेल्या पंतांकडे आला आणि गळ्यातली दुर्बीण काढून त्याने पुढे केली.

"नाना, हे घ्या."

पंतांनी दुर्बीण न घेताच विचारलं, की कधी ओळखलंस?

तलावावरच ओळखलं, असं तो म्हणाला. सरोज ऐकताना अशीच मान कलती करायची. आपण आला आहात तर आपणहून बोलाल, म्हणून तो थांबला होता. मग तो खाली बोट दाखवून म्हणाला, "इथे पक्षी नसतात हे मलाही माहीत आहे. ही जागा तिने निवडली होती. इथून तुमचं घर दिसतं."

पंतांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. खाली खाडी, तिच्या काठाने भाताची कापलेली शेतं, आणि शेतांच्या टोकाला डोंबिवलीची कौलं. त्यांना आपलं घर सापडायला वेळ लागला, कारण इतक्या लांबून त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. मग माडीच्या कठड्यावर एक लाल पट्टा दिसला. सुमतीबाईंचा लग्नातला शालू. दर नाताळात त्या तो उन्हात घालायच्या. कसर लागू नये म्हणून, असं त्या सांगायच्या आणि पंतांनीही कधी जास्त विचारलं नव्हतं.

"मायलेकींचं ठरलेलं होतं," गिल्बर्ट म्हणाला. "शालू दिसला की घरात सगळं ठीक आहे असं समजायचं. ती इथे बसून बघत राहायची. उतरायला तयारच नसायची."

दुर्बिणीत सगळं पाण्यात बुडाल्यासारखं झालं. पंतांनी ती खाली घेतली, धोतराच्या सोग्याने काचा पुसल्या, डोळे पुसले. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नव्हती.

"सरोज तर गेली," ते कसेबसे म्हणाले. "मग हिने आज शालू कुणासाठी उन्हात घातलाय?"

"माझ्यासाठी," गिल्बर्ट म्हणाला. "जावई एकटा पडलाय, हे आईंना ठाऊक आहे."