मधली सीट

“डॅड, आता हा ट्रक मला देशील?” मी विचारणारच नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारलंच. पाना घेऊन डॅड ट्रकखाली शिरत होता. “आधी नवा स्वे बार बसवतो. मग वळणावर ट्रक कलणार नाही.” गवतावर तो जाडजूड लाल दांडा पडला होता. “इतकी वर्षं माझी कॉफी सांडली, तेव्हा नाही सुचलं,” मॉम पुटपुटली. एल्क हरणांच्या शिकारीला जाताना घाटातल्या प्रत्येक डाव्या वळणावर पुढे डॅड आणि माझ्या मधल्या सीटवरून धाकटा भाऊ वायट मुद्दाम माझ्या अंगावर कोसळायचा. “मी नाही, ट्रकने ढकललं,” म्हणायचा. गेल्या हिवाळ्यात तो आजारपणात गेला. डावं वळण आलं की माझा खांदा अजून सावध होतो. “ठरलं,” मी म्हणाले. “दांडा उद्या बसव. आज शेवटचं कलत कलत घाटातून जाऊ. मॉम मागे, मी पुढे खिडकीशी. मधली सीट मोकळी ठेवायची.”