फोटोला हार

"पराग, आणखी थोडे दिवस सासूच्या फोनचे प्रसंग लिहू दे ना मला," मेधाने विनवलं.

"किती लिहिशील? लोक विचारतात, ही सासू गावाहून परत येणार तरी कधी? सोमवारच्या भागात फोटोला हार घाल. तुला जमत नसेल, तर दुसरं कुणी लिहील." मालिकेचा कार्यकारी निर्माता होण्याआधी पराग तिच्याच हाताखाली संवाद लिहायला शिकला होता.

सासूचं काम करणाऱ्या कुमुदताई तीन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. मालिकेत मात्र त्या गावी गेल्या होत्या आणि सून रोज त्यांच्याशी फोनवर बोलायची. घरी त्यांच्या यजमानांना, काकांना, अलीकडचं काहीच आठवत नसे. बायको गेल्याचं सांगितलं, की ते दर वेळी नव्याने रडायचे. म्हणून मुलगी म्हणायची, "आई शूटिंगला गेलीय." मालिकेतला तो फोन पाहिला, की त्यांना ते पटायचं आणि ते दोन घास जेवायचे.

मेधाने सासूचं मरण लिहिलं.

सोमवारी भाग संपला आणि तिचा मोबाइल वाजला. त्यावर नाव होतं, कुमुदताई. तिने तो उचलला.

"मेधा, हार पाहिला बरं का!" काकांचा आवाज कधी नव्हे इतका खुशीत होता. "मेली ना एकदाची ती सासू? म्हणजे हिचं काम संपलं. चाळीस वर्षं बघतोय मी. आता हिला लवकर घरी सोडा. मोबाइल इथेच विसरलीय. मी दारात खुर्ची टाकून बसलोय."