परदेशी अर्जदार

बुऱ्हाणपूरच्या आमच्या सरकारी ऑफिसला परदेशातून ईमेल आला: तुमच्या केळी योजनेला पाच कोटींची मदत मंजूर, फक्त प्रोसेसिंगचे दोन लाख आजच पाठवा. साहेब खुर्चीतून उठलेच. "चारुलताबाई, निंबोल्याच्या शेतकऱ्यांचे दोन लाख पडून आहेत ना? पाठवून टाका!"

हेडक्लार्क चारुलताबाईंना ते दोन लाख बुडताना दिसले. पण साहेबांना 'हा ठग आहे' म्हणणं म्हणजे स्वतःची बदली मागणं. "हो साहेब, नियमाने पाठवते की," त्या म्हणाल्या.

ठगाला त्यांनी कळवलं, अर्ज तीन प्रतींत हवा. त्याने बिचाऱ्याने पाठवला. मग रहिवासी दाखला मागितला, तोही आला. पण सही निळ्या शाईत नव्हती म्हणून परत गेला. मग साहेब निवडणूक ड्यूटीवर गेले. मग "सोमवारी या."

साहेबांनी विचारलं की एकच उत्तर, "फाईल चालू आहे."

चार महिन्यांनी, इतके दिवस फाडफाड इंग्रजी लिहिणाऱ्या ठगाचा पहिला हिंदी ईमेल आला:

"मॅडमजी, कुछ चाय-पानी लगता हो तो बता दीजिए, पर फाईल आगे बढ़ाइए।"