तोंडदेखलं

बॅगा दाराशी लागल्या, टॅक्सी यायला थोडाच वेळ उरला, आणि नेमकं तेव्हा नवऱ्याने तोंड उघडलं. "निघालात काय एवढ्यात? राहा की अजून चार दिवस!"

तिच्या हातातला कप बशीवर वाजला. पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. निघताना असं म्हणायचंच असतं. पाहुण्याने नको म्हणायचं, आपण पुन्हा म्हणायचं, त्याने पुन्हा नको म्हणायचं, तोवर टॅक्सी येते. परदेशात आलं म्हणून रीत थोडीच सुटते?

नवऱ्याचा हॉस्टेलपासूनचा मित्र बायको आणि दोन पोरं घेऊन आठवडाभर राहिला होता. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण फुंकर मारली तर उडेल असा होता. माणसं सोन्यासारखी. राग धरावा असं त्यांनी काहीच केलं नव्हतं, हीच तर पंचाईत. त्यांचं यायचं कधीचं ठरलेलं. इकडे नवराबायकोने वेगळं व्हायचं ठरवलं ते मागच्या महिन्यात. "त्यांच्यासमोर तमाशा नको. ते गेले की तू जा," नवरा म्हणाला होता, आणि तीही हो म्हणाली होती. हॉल पाहुण्यांना दिला, त्यामुळे तिथे सोफ्यावर झोपणारा नवरा पुन्हा तिच्या खोलीत आला. आठवडाभर दोघं एका पलंगावर, पाठीला पाठ, श्वाससुद्धा जपून घेत पडून राहायची.

आज संध्याकाळच्या बसने ती निघणार होती. दुसऱ्या गावात, चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. या देशात तिला मिळालेलं पहिलंच. "उद्या सकाळी आलीस तर तुझं, नाहीतर दुसरीचं," मालकीणबाईंनी फोनवर साफ सांगितलं होतं.

"नको रे," पैलवान म्हणाला. "आधीच वहिनींना किती त्रास दिला."

"त्रास कसला? तुम्ही गेलात की घर खायला उठेल."

ठीक चाललं होतं. आता अजून एकदा 'नको', की सुटलो.

पण पैलवानाने बायकोकडे बघितलं. "रजा आहे तशी. तिकिटंही बदलता येतात. पण तुझं कोण ऐकतो, लेका? वहिनी म्हणत असतील तर बघू."

सगळे तिच्याकडे वळले. धाकटी तर येऊन तिला बिलगलीच. "काकू, म्हण ना!"

आता काय बोलायचं, कप्पाळ? दारी आलेल्या माणसाला जा म्हणायला तिची जीभ आजवर वळली नव्हती. तिच्या आईचीही वळली नसती.

"राहा की," तिच्या तोंडून निघून गेलं. "मुलांना कुठे शाळा आहे!"

पोरांनी उड्या मारल्या. पैलवानाने फोन काढला, तिथल्या तिथे तिकिटं बदलली, टॅक्सीला नको म्हणून कळवलं. त्याच्या बायकोने बॅगा उघडून कपडे पुन्हा खुर्च्यांवर टाकायला सुरुवातही केली.

तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "मुद्दाम म्हणालास ना?"

"मी आपलं तोंडदेखलं म्हटलं." तो कप विसळत होता. "ठेवून घेतलंस तू."

"मी आज जाणार."

"जा ना. त्यांना काय सांगायचं तेवढं तूच सांग." मग त्याचा आवाज उतरला. "चारच दिवस गं. चार दिवसांत काहीही होऊ शकतं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या चार दिवसांपायी तिचा जन्म इथेच जाणार होता. तिने कोट चढवला, पर्स घेतली. कपडे गेले खड्ड्यात. बाहेरच्या दाराशी जाऊन ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी जाते."

"अगंबाई!" पैलवानाची बायको जागेवरून उठली. "घरातून निघताना जाते म्हणतात का? येते म्हणा, वहिनी."

"जाते," ती पुन्हा म्हणाली.

"ऐकताय का, भावजी? अहो, अभद्र बोलू नये असं. येते म्हणा बघू."

पोरांना आयताच खेळ मिळाला. दोघं दाराला पाठ लावून आडवी उभी राहिली. "येते म्हण! येते म्हण!"

नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला होता. आठवडाभरात पहिल्यांदाच तो तिच्याकडे सरळ बघत होता. पोरांइतकाच हट्टाने वाट बघत होता.

तिने पोरांच्या डोक्यांवरून कडीला हात घातला. पोरं हटेनात.

"येते," ती म्हणाली.

पोरांनी टाळ्या पिटल्या आणि दार सोडलं.